पाठ्यपुस्तकातला चेंडू आणि मैदानातला चेंडू



व्याख्यानमालेत पुस्तकावर बोलायचं म्हटलं, की कादंबरी असते, चरित्र असतं, फार तर एखादा वैचारिक ग्रंथ. आज आम्ही ज्या पुस्तकावर बोलणार आहोत, ते इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात येऊन गेलंय. कुणाच्या घरात आत्ताही असेल, दप्तरात. बालभारतीचं इयत्ता दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १'. हे २०१८ साली आलं. त्यातला पहिलाच धडा 'गुरुत्वाकर्षण'. आणि त्या धड्यातलीसुद्धा फक्त चार उदाहरणं आम्ही आज घेणार आहोत. चारही उदाहरणांत एकच गोष्ट घडते: काहीतरी वर फेकलं जातं, किंवा वरून खाली पडतं.

चार उदाहरणांसाठी अख्खं व्याख्यान कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. त्याचं कारण आधी सांगतो. मराठी माध्यमातलं मूल दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलं, की पुढचं भौतिकशास्त्र ते बहुतेक वेळा इंग्रजीतूनच शिकतं. कला किंवा वाणिज्य शाखेला गेलं, तर भौतिकशास्त्र तिथंच संपलं. म्हणजे लाखो मुलांसाठी हा धडा हे मराठीतून भेटणारं शेवटचं भौतिकशास्त्र आहे, आणि कित्येकांसाठी आयुष्यातलंच शेवटचं. जग कसं चालतं हे गणितानं सांगता येतं, हा विश्वास इथं बसला तर बसला. इथं तो उडाला, तर पुढं तो बसवायला कुणी येत नाही. म्हणून या चार उदाहरणांकडे एखाद्या कवितेकडे पाहावं तितक्या बारकाईनं पाहायला हवं, असं आम्हाला वाटतं.

धड्याची जमेची बाजू

परीक्षण म्हटलं की दोषच काढायचे असं नाही. धडा मुळात चांगला आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम, केप्लरचे नियम, वस्तुमान आणि वजन यांतला फरक, सगळं क्रमानं येतं. 'मुक्त पतन' समजावताना पुस्तक एक गोष्ट स्वच्छ सांगतं. पडणाऱ्या वस्तूला हवा विरोध करते. हवेचं घर्षण असतं, हवेचं प्लावक बलही असतं. त्यामुळे खरंखुरं मुक्त पतन फक्त निर्वातात होतं. हे वाक्य पुस्तकात आहे म्हणजे लेखकांना हवेची जाणीव आहे. ते विसरलेले नाहीत.

पण मग उदाहरणं सुरू होतात, आणि हवा निघून जाते. ती पुन्हा येतच नाही. सोडून दिलेल्या हवेनं उत्तरात किती फरक पडला, हे कुठल्याही उदाहरणाच्या शेवटी कुणी विचारत नाही. आमची मुख्य तक्रार एवढीच आहे. हवा सोडली ही तक्रार नाही. हवा सोडायलाच हवी, त्याशिवाय नियम दिसत नाही. ती सोडल्याची नोंद कुठं नाही, ही तक्रार आहे.

पहिला: लोखंडी गोळा

तीन किलोचा लोखंडी गोळा १२५ मीटर उंचीवरून सोडला. तो किती वेळानं जमिनीवर येईल, किती वेगानं? गुरुत्व त्वरण १० धरायचं. उत्तर येतं ५ सेकंद, आणि सेकंदाला ५० मीटर वेग.

आता खऱ्या हवेत काय होईल, याचा आम्ही ढोबळ हिशोब केला. तीन किलोचा लोखंडी गोळा साधारण ९ सेंटीमीटर व्यासाचा असतो. छोटा आणि जड. त्याच्या वजनापुढं हवेचा विरोध अगदी किरकोळ. जमिनीला टेकताना त्याचा वेग ५० ऐवजी ४८ च्या आसपास भरतो. फरक तीन-चार टक्क्यांचा. आणि बघा, गुरुत्व त्वरण १० धरलं तिथंच आपण दोन टक्के सूट घेतलेली आहे. नाशिकमध्ये ते ९.७८ च्या आसपास आहे. जिथं हिशोबात आधीच दोन टक्के सूट आहे, तिथं आणखी तीन टक्क्यांसाठी मुलांच्या डोक्यावर हवा लादणं हा अन्याय झाला असता. हे उदाहरण ज्यानं कुणी रचलं, त्यानं विचार करून रचलंय. 'लोखंडी' हा शब्द तिथं उगाच आलेला नाही. दुर्दैव असं, की तो शब्द का आलाय हे मुलाला कुणी सांगत नाही. मूल तीन किलो हा आकडा पाहतं, तो सूत्रात कुठंच लागत नाही म्हणून गोंधळतं, आणि पुढं जातं.

दुसरा: टेनिसचा चेंडू

टेनिसचा चेंडू वर फेकला, तो ४.०५ मीटर उंच गेला आणि खाली आला. सुरुवातीचा वेग किती, एकूण वेळ किती? उत्तर: सेकंदाला ९ मीटर, आणि वर जायला ०.९ सेकंद, खाली यायला ०.९ सेकंद, मिळून १.८ सेकंद.

हा चेंडू आपल्या ओळखीचा. गल्लीत याच चेंडूनं खेळतात पोरं. वजन साधारण ५८ ग्रॅम, अंगावर लव. ही लव हवेला धरते. सेकंदाला ९ मीटर वेगानं निघालेल्या या चेंडूवर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका असतो. म्हणजे अगदीच नगण्य नाही. त्याच वेगानं फेकला तर खऱ्या हवेत तो ४.०५ मीटरला पोचणार नाही, जेमतेम फूटभर खाली राहील. आणखी एक गंमत. खाली यायला लागणारा वेळ वर जाण्याच्या वेळेपेक्षा किंचित जास्त असेल. का, ते सोपं आहे. वर जाताना हवा आणि गुरुत्व दोघंही चेंडूला खालीच ओढतात, तो लवकर थांबतो. खाली येताना गुरुत्व ओढतं आणि हवा अडवते, तो रमतगमत येतो. फरक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. डोळ्याला दिसणार नाही.

मग इथं हवा सोडणं योग्य आहे का? आमच्या मते आहे. फूटभराची चूक आहे, पण गणिताचं मर्म कळतं. फक्त उत्तराखाली एक ओळ हवी होती: हवेमुळे खरा चेंडू याच्या थोडा खाली राहील. बस, एवढीच. एका ओळीनं मुलाला कळलं असतं, की उत्तर 'बरोबर' असणं आणि 'अगदी तसंच घडणं' यांत थोडं अंतर असतं, आणि ते अंतर मोजता येतं.

तिसरा: टेबलावरून पडलेला चेंडू

आता स्वाध्यायातलं एक गणित. चेंडू टेबलावरून पडला आणि एका सेकंदात जमिनीवर आला. जमिनीवर येतानाचा वेग आणि टेबलाची उंची काढा. उत्तर सोबत छापलेलंच आहे: वेग सेकंदाला १० मीटर, टेबलाची उंची ५ मीटर.

पाच मीटर उंचीचं टेबल, मंडळी.

पाच मीटर म्हणजे दीड मजल्यापेक्षा जास्त. त्या टेबलावर जेवायचं तर शिडी लावावी लागेल. इथं हवेचा काही संबंध नाही, पाच मीटरांत हवा फारसं काही करत नाही. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर बरोबर. चुकलंय फक्त टेबल. आपल्या घरातलं टेबल पाऊण मीटरचं असतं. त्यावरून पडलेला चेंडू सेकंदाच्या चार दशांश भागात खाली येतो. 'एक' म्हणायला तोंड उघडेपर्यंत टप्पा पडलेला असतो.

ही बारीकसारीक चूक वाटेल. आकडे सोपे यावेत म्हणून एक सेकंद घेतला, त्यात एवढं काय? पण त्याचा परिणाम बघा. मूल ५ मीटर हे उत्तर काढतं, ते छापलेल्या उत्तराशी जुळवतं, जुळलं म्हणून खाली दोन रेघा मारतं आणि पुढच्या गणिताकडं जातं. उत्तर शेजारीच असलेल्या टेबलाशी जुळत नाही, हे त्याला खटकत नाही. खटकलं तरी ते बोलत नाही. कारण परीक्षेत टेबल मोजायला सांगत नाहीत. गाइडमध्ये तेच, अपेक्षित प्रश्नसंचात तेच. आणि अशा रीतीनं, भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात मूल एक गोष्ट पक्की शिकतं: पुस्तकातलं टेबल वेगळं आणि घरातलं टेबल वेगळं, दोघांचा एकमेकांशी संबंध लावायचा नसतो.

विज्ञान शिकवायला बसलेल्या पुस्तकानं नकळत शिकवलेली ही सगळ्यात महाग गोष्ट आहे, असं आम्ही म्हणू. दुरुस्ती किती स्वस्त होती ते पाहा. 'टेबल' काढून 'गच्ची' लिहायचं. किंवा टेबल ठेवायचं आणि वेळ ०.४ सेकंद द्यायचा, मग उंची येते ८० सेंटीमीटर. मूल उठतं, पट्टी घेतं, टेबल मोजतं. एका गणितानं एक मूल शास्त्रज्ञाच्या वाटेवर चार पावलं चाललं असतं.

चौथा: ५०० मीटर उंच गेलेली 'वस्तू'

एक वस्तू सरळ वर फेकली, ती ५०० मीटर उंच गेली. सुरुवातीचा वेग किती? परत यायला किती वेळ? उत्तर: सेकंदाला १०० मीटर, आणि एकूण २० सेकंद.

इथं मात्र आमचा धीर सुटतो. ५०० मीटर म्हणजे एकावर एक ठेवलेले जवळपास सात कुतुबमिनार. सेकंदाला १०० मीटर म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरनं टाकलेला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटर मोजला गेला होता. तो चेंडू त्याच वेगानं सरळ आकाशात फेकला असता, तर हवा नसतानाही १०० मीटरवर थांबला असता. म्हणजे ही वस्तू कुणी हातानं फेकलेली नाही. मग कशानं फेकली? आणि वस्तू कुठली? लोखंडाची? कापसाची? पहिल्या उदाहरणात 'लोखंडी' म्हणण्याची काळजी घेणाऱ्या पुस्तकानं इथं नुसतं 'वस्तू' म्हटलंय.

समजा, ती वस्तू म्हणजे क्रिकेटचा चेंडू आहे. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. सेकंदाला १०० मीटर वेगानं निघाला तर सुरुवातीला हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या सहापट असतो. आमच्या ढोबळ हिशोबानं तो १६० मीटरच्या आसपासच थांबेल. पाचशे नाही, एकशेसाठ. वर जायला पाच सेकंद, खाली यायला साडेसहा-सात. एकूण २० नाही, साडेअकरा-बारा सेकंद. आणि परत हातात येताना वेग १०० नाही, ३७ च्या आसपास. 'ज्या वेगानं गेला त्याच वेगानं परत आला' हे वाक्य इथं साफ कोसळतं.

तर बघा, एकाच धड्यात तीन वस्तू हवेत गेल्या-आल्या. लोखंडी गोळ्याच्या बाबतीत हवा सोडण्याची किंमत तीन-चार टक्के. टेनिसच्या चेंडूच्या बाबतीत सात टक्के. आणि या 'वस्तू'च्या बाबतीत उत्तराचा दोन तृतीयांश भागच हवेत उडून गेला. पण पुस्तकात तिन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे छापलेली आहेत. मुलाला तिन्ही सारखीच खरी वाटणार.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको

हा विषय नाशिकमध्ये बोलण्याला एक खास अर्थ आहे. शहरापासून हाकेच्या अंतरावर देवळालीला लष्कराचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, म्हणजे तोफखान्याचं प्रशिक्षण देणारी संस्था. हे पुस्तक ज्या वर्षी आलं, त्याच २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एम-७७७ आणि के-९ वज्र या तोफा देवळालीतच समारंभानं लष्करात दाखल झाल्या. फेकलेल्या वस्तूचं शास्त्र महाराष्ट्रात जर कुठं रोज, जिवावर उदार होऊन वापरलं जात असेल, तर ते इथं.

एम-७७७ तोफेतून साधा गोळा जास्तीत जास्त वेगानं सुटतो तेव्हा तो वेग सेकंदाला ८२७ मीटरच्या आसपास असतो. ४५ अंशांच्या कोनात तो किती लांब जाईल, हे हवा सोडून काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग करायचा आणि गुरुत्व त्वरणानं भागायचा. उत्तर येतं सत्तरएक किलोमीटर. प्रत्यक्षात साध्या गोळ्याचा पल्ला आहे २४-२५ किलोमीटर. नकाशावर देवळालीपासून पूर्वेकडं एक सरळ रेघ ओढा. सूत्राची रेघ शिर्डीच्या आसपास पोचते. खऱ्या गोळ्याची रेघ सिन्नरच्या जरा पुढं संपते. नकाशावरची रेघ म्हणतोय आम्ही, घाबरू नका.

म्हणून तोफखान्यात कुणी 'हवा सोडून द्या' म्हणत नाही. वारा कुठून, किती. वरच्या थरांत हवेचं तापमान किती, दाब किती. हे सगळं घेऊन तोफेचा कोन ठरतो. आणि त्याच गावातल्या वर्गात ५०० मीटर उंच गेलेल्या वस्तूचं गणित हवेचा उल्लेख न करता फळ्यावर सोडवलं जातं. सूत्र तेच. एका ठिकाणी ते सुरुवात आहे, दुसऱ्या ठिकाणी शेवट. आमचा आक्षेप या 'शेवट' मानण्यावर आहे.

गॅलिलिओच्या पुस्तकात आक्षेप घेणारा होता

कुणी म्हणेल, ही पद्धत गॅलिलिओपासूनची आहे, बिचाऱ्या बालभारतीला का बोल लावता? अगदी बरोबर. म्हणूनच गॅलिलिओनं हे कसं मांडलं ते पाहू.

१६३८ साली नेदरलँड्समधल्या लायडनला त्याचं दोन नव्या शास्त्रांवरचं पुस्तक छापलं गेलं. तो तेव्हा इटलीत नजरकैदेत होता. फेकलेली वस्तू अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाच्या वाटेनं जाते, हे त्यानं याच पुस्तकात दाखवलं. आडवी गती एकसारखी, उभी गती त्वरणाची, दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत, आणि दोन्ही मिळून ती वाट तयार होते. ही कल्पना आजही तितकीच देखणी आहे. पण पुस्तक संवादाच्या रूपात आहे, तीन पात्रं बोलत असतात. गॅलिलिओ आपला सिद्धांत मांडतो आणि लगेच सिम्प्लिचिओ नावाचं पात्र आक्षेप घेतं: हवेचा अडथळा टाळता येणारच नाही, मग आडवी गती एकसारखी राहील कशी? आणि गॅलिलिओच्या बाजूनं बोलणारं पात्र तो आक्षेप मान्य करतं. म्हणतं, खरं आहे. पण आपल्या हातून फेकल्या जाणाऱ्या जड वस्तूंच्या वेगाला हा फरक थोडा असतो. बंदुकीतून, तोफेतून सुटणाऱ्या गोळ्यांच्या वेगाला मात्र तो मोठा असतो, तिथं हा नियम जसाच्या तसा लावू नये.

बघा, पावणेचारशे-चारशे वर्षांपूर्वी, नियम मांडणाऱ्यानंच नियमाची हद्द आखून दिली होती. पुढं १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं लोलकावर बंदुकीच्या गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि दाखवलं, की हवेचा विरोध तोफा डागणाऱ्यांच्या समजापेक्षा खूपच मोठा असतो. गॅलिलिओ चुकीचा ठरला नाही. त्यानं आखलेल्या हद्दीपलीकडचा प्रदेश मोजला गेला, एवढंच.

आपल्या पाठ्यपुस्तकानं गॅलिलिओचा नियम घेतला. सिम्प्लिचिओला मात्र बाहेर ठेवलं. आमच्या मते ही या धड्याची खरी उणीव आहे. आक्षेप घेणारं मूल वर्गात असतंच. 'सर, पण हवा?' असं विचारणारं. पोर्शन संपवायच्या घाईत त्याला 'ते पुढच्या वर्षी' म्हणून खाली बसवलं जातं. आणि पुढचं वर्ष त्याच्या भाषेत येत नाही.

मैदानावरच्या पोराला काय माहीत असतं

आता गोल्फ क्लबवर या, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर. रणजी सामने होतात तिथं. समजा, फलंदाजानं चेंडू ४५ अंशांत, सेकंदाला ४० मीटर वेगानं उचलला. सूत्र म्हणतं, चेंडू १६० मीटर लांब पडेल. आंतरराष्ट्रीय नियमांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे ८२ मीटरवर असते. त्या हिशोबानं प्रत्येक बरा षटकार त्याच्या दुप्पट अंतरावर जायला हवा. तसं होत नाही. चेंडूला फिरकी नाही असं धरून आम्ही हवेसकट हिशोब केला, तर तो ९५ मीटरच्या आसपास पडतो. म्हणजे षटकार आहेच, पण प्रेक्षकांत पडलेला. रस्त्यापलीकडं गेलेला नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट वाटेच्या आकाराची. पुस्तकातली अन्वस्त वाट दोन्ही बाजूंनी सारखी असते. ज्या कोनात चढली त्याच कोनात उतरते, सर्वांत उंच बिंदू बरोबर मध्यावर. खरा चेंडू ४५ अंशांत चढतो आणि ५५-५६ अंशांत उतरतो. उंच बिंदू मध्याच्या पुढं सरकलेला असतो. सीमारेषेवर झेल घ्यायला उभ्या असलेल्या पोराला हे पक्कं माहीत असतं. चेंडू 'वरून येतो', अंगावर येतो, हे तो शब्दांत सांगणार नाही, पण त्याचे पाय ते जाणतात. पहिल्या अंदाजानं तो मागं पळत नाही, थांबतो, मग दोन पावलं पुढं येतो. हेच पोर सोमवारी वर्गात बसतं आणि वहीत दोन्ही बाजूंनी सारखी कमान काढतं. त्याच्या पायांना जे माहीत आहे ते त्याच्या वहीत कधी येतच नाही.

नाशिकसाठी आणखी एक. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहोत. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. तोच षटकार वानखेडेपेक्षा इथं दोनेक मीटर लांब जाईल. हवेसकट गणित केलं तर आपलं गावसुद्धा गणितात येतं. हवा काढली, की नाशिक, मुंबई, सगळं एकच.

मग करायचं काय?

या टीकेवर शिक्षक एक रास्त उत्तर देतात: दहावीच्या मुलाला हवेचं गणित झेपणार नाही. मान्य. ते गणित आम्हीही दहावीच्या पुस्तकात मागत नाही. त्यासाठी कलन लागतं, संगणक लागतो. आम्ही तीन साध्या गोष्टी मागतो, आणि तिन्हींना छपाईचा जेमतेम एक कागद लागेल.

एक. प्रत्येक उदाहरणात वस्तूचं नाव द्या. 'वस्तू' नको. दगड म्हणा, गोळा म्हणा, प्लास्टिकचा चेंडू म्हणा. एकाच हातानं फेकलेला दगड आणि प्लास्टिकचा चेंडू सारखे लांब जात नाहीत, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. नाव दिलं, की हवा आपोआप आठवते.

दोन. उत्तरानंतर एक प्रश्न छापा: हे उत्तर पटतं का? टेबल पाच मीटरचं असतं का? ताशी ३६० किलोमीटर वेगानं कोण फेकतं? यासाठी कुठलंच नवं गणित लागत नाही. डोळे लागतात.

तीन. दुसरा प्रश्न छापा: आपण काय सोडून दिलं, आणि त्यानं उत्तर वाढेल की कमी होईल? किती, ते नका विचारू. फक्त दिशा विचारा. हवा असेल तर चेंडू कमी उंच जाईल की जास्त? खाली यायला जास्त वेळ लागेल की कमी? हे दहावीचं मूल नुसत्या तर्कानं सांगू शकतं. आणि ज्याला दिशा सांगता आली, त्यानं सिम्प्लिचिओला परत वर्गात आणलं.

पुस्तक बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. हे शिक्षकाला उद्या करता येईल. हल्ली घरोघरी मोबाइल आहे, त्यात संथ गतीचं चित्रीकरण होतं. शाळेच्या जिन्यावरून एक दगड आणि एक प्लास्टिकचा चेंडू एकदमच सोडा, खालून चित्रण करा, कोण आधी येतो ते थांबवून बघा. मग सूत्रानं वेळ काढा आणि दोन्हींशी ताडून पाहा. दगड सूत्राच्या जवळ सापडेल, प्लास्टिकचा चेंडू मागं राहील. जमिनीवर पोचणाऱ्या त्या दोन वस्तूंमधल्या अंतरात हवा दिसते. नियम कुठं चालतो आणि कुठं अपुरा पडतो, हे एका तासिकेत कळतं.

शेवटचा मुद्दा. सूत्र शिकवू नका, असं आम्ही म्हणत नाही. सूत्र हवंच, पाठ हवं. ज्याला हवेशिवायचा चेंडू कळला नाही, त्याला हवेतला कधीच कळणार नाही. पण सूत्र शिकवताना ते काय गृहीत धरतं, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. तसं केलं तर मुलाला विज्ञानाबद्दल आदर वाटतो, कारण विज्ञान आपली हद्द स्वतः सांगतं हे त्याला दिसतं. तसं नाही केलं तर मूल दोन जगं वेगळी ठेवायला शिकतं, एक मार्कांचं आणि एक मैदानाचं. मग मोठं झाल्यावर कुणी आकडा पुढं टाकला, की ते तो मुकाट मान्य करतं, नाही तर सगळेच आकडे खोटे म्हणून उडवून लावतं. 'हा आकडा कुठवर खरा?' हा मधला प्रश्न त्याला कुणी शिकवलेलाच नसतो. तो शिकवायला दहावीचा पहिला धडा ही चांगली जागा आहे, आणि एक टेबल, एक पट्टी आणि एक चेंडू एवढं साहित्य पुरतं.